फरकाचे पंचवीस रुपये

जठारपेठ, अकोला
१४ जून १९५७

श्री. वसंतराव यांस,

वर काय लिहावं या विचारात दोन कागद फुकट गेले. नमस्कार लिहावा असं तुम्ही काही केलेलं नाही आणि आशीर्वाद द्यायचं माझं वय नाही. तेव्हा नुसतं नाव लिहिलं आहे. चालवून घ्या.

मी तारा, अर्जनवीस मोरोपंत वाडेगावकरांची मुलगी. एवढ्यावर ओळख पटत नसेल तर गेल्याच्या गेल्या माघात जिच्याशी तुमचं लग्न व्हायचं होतं, ती. पत्रिका छापायला टाकून आठ दिवस झाले होते तेव्हा तुमचं कार्ड आलं. 'हे लग्न होणे नाही. क्षमा असावी.' कार्डावर पुष्कळ जागा शिल्लक होती. कारण लिहायचं असतं तर मावलं असतं.

तुम्हांला ठाऊक असलेल्या गोष्टी पुन्हा लिहिते, कारण मला त्या एकदा कागदावर पाहायच्या आहेत. तुमचे वडील पातूरला भिक्षुकी करत आणि ते नि माझे नाना लहानपणचे सोबती. ते वारले तेव्हा नाना पातूरला आले आणि तुमच्या आईला, गोदावरीकाकूंना, म्हणाले, पोराला मी बी.कॉम. करतो, पुढे आमची तारा तुमच्या घरात येईल, हुंडा म्हणून निराळं काही मागू नका. कोणी जावयाला सायकल देतं, कोणी घड्याळ देतं, नानांनी तुम्हांला अमरावतीचं कॉलेज दिलं. गोदावरीकाकू दोन वर्षांनी गेल्या, तरी नानांचा शब्द चालूच राहिला. दर महिन्याला चाळीस रुपयांची मनीऑर्डर, वर्षाचे दहा महिने, अशी चार वर्षं. त्याचे सोळाशे. पुस्तकं आणि परीक्षेची फी मिळून दोनशे. एकूण अठराशे रुपये.

सगळ्या तालुक्याचे करारनामे नाना कोर्टापुढच्या टिनाच्या छपराखाली बसून लिहितात, पण या व्यवहाराचा त्यांनी कागद केला नाही. माझा चुलतभाऊ बंडूदादा तेव्हाच त्यांना म्हणाला होता की चार ओळी लिहून घ्या. नाना म्हणाले, "कागद भांडणाले लागते रे बंडू. सोयरिकीले कायचा कागद?" आता त्याच टिनाखालचे लोक त्यांना विचारतात, की पंत, तुमच्या जावयाचं काय झालं. नाना चष्मा पुसत बसतात.

घाबरू नका, मी लग्न मागत नाही. अमरावतीच्या कुणा वकिलाची मुलगी तुम्हांला सांगून आली आणि तुम्ही तिकडे वळलात, असं आमच्या पेठेत सगळे म्हणतात. तुमचा संसार तुम्हांला लखलाभ. मला पैसे हवे आहेत.

मी यंदा मॅट्रिक झाले. इथल्या कॉलेजात कॉमर्सचा वर्ग आहे, त्यात मला जायचं आहे. फी भरायला नानांकडे काही उरलेलं नाही. हुंड्यालाही उरलेलं नाही, दोन स्थळं त्यावरूनच परत गेली. आता तिसरं आलं आहे, बिजवर आहेत, दोन मुलं आहेत, हुंडा नको म्हणतात. नाना म्हणाले, विचार करून सांगतो. त्यांचा विचार पुरा व्हायच्या आत मला कॉलेजात नाव घालायचं आहे. शेवटची तारीख दहा जुलै. ती चुकली तर मी जन्मभर दुसऱ्या कुणाची तरी पोरं सांभाळीन आणि तुमचं नाव काढीत राहीन.

तुमच्या सहीच्या चाळीसही पोचपावत्या मी नानांच्या पेटीतून काढून माझ्याकडे ठेवल्या आहेत. नानांना या पत्राचं काहीही माहीत नाही. सोयरिकीत दिलेला पैसा परत मागणं म्हणजे त्यांच्या लेखी मुलीची किंमत वसूल करणं आहे. म्हणून उत्तर घरी पाठवू नये. आमच्या शेजारी वच्छलाबाई मास्तरीण राहतात, त्यांच्या पत्त्यावर पाठवावं.

तुमच्या सौ.ना नमस्कार. त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही.

तारा मोरोपंत वाडेगावकर


अकोला
१ जुलै १९५७

श्री. वसंतराव,

तुमचं उत्तर मिळालं. इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. अठराशे एकदम देता येणार नाहीत हे मला आधीच माहीत होतं. तुमचा पगार कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसमध्ये पंच्याण्णव आहे, खोलीचं भाडं आहे, खाणावळ आहे, सगळं वाचलं. लग्न झालेल्या माणसाला खाणावळ कशाला लागते ते मात्र कळलं नाही. सौ. माहेरी गेल्या असतील.

तुमचं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'बी.कॉम. होऊन हाती काही लागत नाही हे अनुभवाने सांगतो, तेव्हा आपण नॉर्मल स्कूलला जावे आणि शिक्षिका व्हावे.' आपलं जेवण झालं की पंगतीतल्या दुसऱ्याला सांगायचं, भाजीत काही अर्थ नाही. हा सल्ला तुमच्याकडेच ठेवा.

हाती काय लागतं ते आपण पाहू. बंडूदादा इथल्या एका कापसाच्या जिनात कारकून आहे. तो मॅट्रिक, तुम्ही बी.कॉम. दोघांची नोकरी दोन वर्षांची. काम जवळजवळ तेच, गाठींच्या नोंदी आणि रेल्वेच्या पावत्या. त्याला सत्तर मिळतात, तुम्हांला पंच्याण्णव. हे वरचे पंचवीस कशाचे? डोकं बंडूदादाला तुमच्यापेक्षा कमी नाही, अक्षर तर त्याचं बरंच चांगलं आहे. म्हणजे ते पदवीचे आहेत, आणि पदवी माझ्या वडिलांनी विकत घेतली. तेव्हा हे पंचवीस तुमचे नव्हतेच. चुकून तुमच्या खिशात पडत होते.

ते यापुढे महिन्याच्या महिन्याला इकडे पाठवायचे. बाकी सत्तरात तुम्ही राहा. बंडूदादा राहतो, बायको आणि आई धरून. बहात्तर महिन्यांत अठराशे फिटतील. व्याज मी लावत नाही आणि तुमचा पगार वाढला तरी हप्ता वाढवणार नाही. मनीऑर्डरचं कमिशन तुमच्याकडे. पहिल्या खेपेला मात्र तीन हप्ते एकदम पाठवायचे, पंचाहत्तर, दहा तारखेच्या आत. नाहीतर नाव घालता येणार नाही आणि मग बहात्तर महिन्यांचा मला काय उपयोग.

कॉलेजची तुमची पुस्तकं असतील तीही पाठवावी. ती आमच्याच पैशांनी घेतलेली आहेत. सौ. परत आल्या असल्या तर त्यांना नमस्कार.

तारा


अकोला
९ जानेवारी १९५८

श्री. वसंतराव,

पंचाहत्तर आठ जुलैला मिळाले आणि त्यानंतर ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या चार तारखेला पंचवीस येत आहेत. पोस्टमन वच्छलाबाईंना म्हणतो, तुमचा भाऊ मोठा गुणाचा आहे. त्या हो म्हणतात. पोच द्यायची म्हणून हे पत्र, एरवी लिहिलं नसतं.

वर्गात सत्तर मुलगे आहेत आणि मी. मला प्रोफेसरांच्या टेबलाजवळ वेगळी खुर्ची असते आणि ते आत आले की मी आत जायचं, ते बाहेर पडले की मी बाहेर पडायचं, असा नियम आहे. पहिला महिनाभर मागून कागदाचे बाण येत. सहामाहीत बुककीपिंगला मी पहिली आले, तेव्हापासून बाण बंद आहेत आणि वह्या मागायला येतात. देते, पण नवी वही असेल तर बदल्यात एक कोरी मागून घेते.

नानांना मी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून सांगितलं आहे. त्यांनी ते सगळ्या कोर्टात सांगितलं. परवा एका पक्षकाराला सांगत होते, "सरकारनं हुशारी पाहून पैसे देल्ले, आपल्याले अर्जही करा नाई लागला." अर्ज लिहून पोट भरणाऱ्या माणसाला याचं केवढं कौतुक. मी चहा ठेवून आत निघून आले. बिजवरांना मात्र त्यांनी स्वतःच नाही कळवलं, पोरगी शिकते आहे म्हणून. तुमच्या पैशांनी एवढं झालं. तुमच्या म्हणजे आमच्या.

पुस्तकं मिळाली. समासातल्या तुमच्या खुणा मला उपयोगी पडतात, काही ठिकाणी चुकल्या आहेत, त्या मी दुरुस्त केल्या. शेवटच्या वर्षाच्या अकाउंटन्सीचं पुस्तक पाहिलं तर शेवटचे सहा धडे कोरे करकरीत आहेत. ते न वाचता तुम्ही पास झालात म्हणजे हुशारच म्हणायचे.

तुमचं अक्षर मला नवं नाही. चार वर्षं दर महिन्याला तुमचं कार्ड यायचं आणि नानांचे डोळे कच्चे म्हणून ते मी वाचून दाखवायची. शेवटी तुम्ही लिहायचात, 'घरातील सर्वांस यथायोग्य.' घरात आम्ही दोघंच होतो. नाना तर कार्डाच्या मायन्यातच असत. म्हणजे ते 'सर्वांस' कोणाला होतं हे मला तेव्हा कळत असे आणि वाचताना माझा आवाज बदलत असे. हे लिहायला नको होतं. पण लिहिलेलं खोडलं की कागद वाईट दिसतो.

सौ.ना नमस्कार.

तारा


अकोला
१८ नोव्हेंबर १९५९

श्री. वसंतराव,

सप्टेंबरचे पैसे आले नाहीत. ऑक्टोबरचे आले नाहीत. दिवाळीचा खर्च असेल म्हणून मी थांबले, आता नोव्हेंबरचीही चार तारीख गेली.

परीक्षेचा फॉर्म दहा डिसेंबरला भरायचा आहे. मी तीन मुलींची शिकवणी करते, त्याचे बारा रुपये येतात. तेवढ्यात फॉर्म भरला जात नाही. नानांना मागितले तर शिष्यवृत्तीचं काय झालं हे विचारतील आणि मग दोन वर्षांचं सगळंच बाहेर येईल. हे सगळं तुम्हांला कळायला हवं होतं. पण तुम्हांला ती सवयच आहे. ऐनवेळी हात झटकायचे आणि समोरचा तोंडघशी पडला की क्षमा असावी.

या वेळी मी कार्डाची वाट पाहणार नाही. महिनाअखेर पैसे आले नाहीत तर मी अमरावतीला येईन, चाळीस पावत्या तुमच्या मालकाच्या टेबलावर ठेवीन आणि तुमच्या वकील सासऱ्यांच्या टेबलावरही ठेवीन. माझं नाव काय व्हायचं ते होवो. ते तुम्ही पूर्वीच करून ठेवलं आहे.

तारा


अकोला
३ डिसेंबर १९५९

श्री. वसंतराव,

पंचाहत्तर मिळाले. सोबतची चिठ्ठीही मिळाली. विषमज्वर झाला होता आणि बारा आठवडे अंथरुणावर होतात हे मला कळायला मार्ग नव्हता. दवाखान्यातून उठून पोस्टात गेलात असं चिठ्ठीच्या अक्षरावरून दिसतं, ओळी सगळ्या खाली गेल्या आहेत.

पैसे मागितले याबद्दल मला वाईट वाटत नाही. ज्या भाषेत मागितले तिच्याबद्दल वाटतं.

डोकं धुऊ नका, महिनाभर मुगाचं वरण आणि मऊ भात खा, तिखट अजिबात नको. सौ. बघतच असतील. त्यांना सांगा की ताकही एवढ्यात देऊ नका. फॉर्म मी भरला.

तारा


अकोला
२४ जून १९६१

वसंतराव,

मी पास झाले. सेकंड क्लास. हे मी आधी लिहून टाकते, कारण पुढचं लिहिताना मला त्याचा आनंद राहणार नाही.

परवा, बावीस तारखेला, मी अमरावतीला आले होते. एका सहकारी संस्थेत अकाउंट्सच्या जागा निघाल्या आहेत, त्यांची मुलाखत होती. बंडूदादा सोबत होता. मुलाखत बारा वाजता संपली आणि गाडी बडनेऱ्याहून पाचची. मी बंडूदादाला म्हटलं, एका ठिकाणी जाऊन यायचं आहे. तुम्हांला निकाल समक्ष सांगायचा आणि म्हणायचं, बघा, भाजीत अर्थ होता. आणि खरं सांगायचं तर मला तुमची सौ. बघायची होती. सवाष्णीकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून मी सराफ्याजवळून एक खण घेतला, हिरवा, दीड रुपयाचा.

तुमच्या प्रेसच्या फाटकाशी वजनकाट्यावर नत्थुजी म्हणून एक म्हातारे आहेत. मी विचारलं, बी.कॉम. झालेले वसंतराव कुठे बसतात.

"बीकॉम? आपल्या इतं कोनी बीकॉम नाई बाई," ते म्हणाले. "वसंतराव हाय एक, पातूरचे. तो म्याट्रिक हाय."

मी म्हटलं, तेच, पण ते बी.कॉम. आहेत.

"आवं नाई. दोन डाव बसला तो परीक्षेले, दोन्ही डाव गेला. मंग नाद सोडला. सत्तर रुपयावर लागला होता, आता पंच्याऐंशी हाय. मले माईत नसन तं कोनाले असन, मीच तं आनलं त्याले इतं." मग म्हणाले, "बसा. तो बडनेऱ्याले वॅगन पाहाले गेला, येते संध्याकाळी."

मी विचारलं, त्यांच्या घरी कोण असतं.

"घर कायचं? खोली हाय. एकटाच हाय बापा, लग्नच नाई केलं. बिमार पडला तवा मी अन माही बाई पाहाले जात होतो. अन पगार झाला का पयले पोस्टात जाते. आमी म्हनतो, कोन्या बाईले धाडून राह्यला कोन जाने."

मी म्हटलं, हो, एका बाईलाच धाडतात. नत्थुजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांनी पाणी दिलं. बंडूदादा फाटकाबाहेर टांग्यापाशी उभा होता, तो मला म्हणाला की तुझा चेहरा असा काहून झाला. मी ऊन लागलं म्हणून सांगितलं. खण परत आणला आहे.

गाडीत मी सगळं जुळवून पाहिलं. पंचावन्नच्या जूनमध्ये तुमचं कार्ड आलं होतं, 'आपल्या आशीर्वादाने पास झालो.' नानांनी त्या दिवशी दोन शेर पेढे कोर्टात वाटले होते. तुम्ही नापास झाला होता. ऑक्टोबरात पुन्हा बसून गुपचूप पास होऊ आणि लग्नाआधी सगळं मिटेल असं तुम्हांला वाटलं असणार. डिसेंबरात तो निकाल लागला आणि तुम्ही दुसरं कार्ड पाठवलं. वकिलाची मुलगी लोकांनी काढली. ती नाही असं तुम्ही मला एकदाही लिहिलं नाही. मी प्रत्येक पत्रात तिला नमस्कार घालत राहिले आणि तुम्ही ते नमस्कार घेत राहिलात.

आणि पंचवीस रुपये. पंच्याण्णव पगार तुम्ही मला सांगितलात, पदवीधराला शोभेल असा. त्यातून सत्तर वजा करून मी हप्ता ठरवला. तुमचा पगारच सत्तर होता. जो फरक मी तुमच्याकडून घेत होते तो तुम्हांला कधी मिळालाच नाही. बंडूदादाइतक्यात राहा म्हणून मी तुम्हांला ऐटीत लिहिलं होतं. तुम्ही पंचेचाळिसात राहिलात, आणि विषमज्वरातून उठून माझ्या फॉर्मचे पैसे पाठवलेत.

एक ओळ लिहायची होती, वसंतराव. 'मी नापास झालो आहे, माझा पगार सत्तर आहे.' मी हप्ता दहा केला असता. किंवा काय केलं असतं कोण जाणे, एकोणीस वर्षांची होते आणि डोक्यात राख घातलेली होती. पण खोटं बोलून मला तुमचं रक्त प्यायला लावायचा तुम्हांला काय अधिकार होता? लबाड आणि लोभी माणूस म्हणून मी साडेपाच वर्षं तुमचा राग केला. ते सोपं होतं, त्याच्या जोरावर मी पदवी घेतली. आता तो राग कुठे ठेवू ते सांगा.

उत्तर पाहिजे. कार्ड नको, पाकीट पाठवा.

तारा


अकोला
३० जुलै १९६१

वसंत,

तुझं पाकीट मिळालं. आठ पानं. इतकं लिहिता येत होतं तर.

तुझं म्हणणं की नापास झाल्याचं दुःख तुला दोन दिवस होतं, पेढ्यांचं अजून आहे. नानांनी ज्यांना ज्यांना पेढे दिले त्या प्रत्येकासमोर त्यांना खोटं पडावं लागलं असतं, त्यापेक्षा लोकांनी तुला हरामखोर म्हणावं हे तुला बरं वाटलं. ते मला समजलं. पटलं नाही. हरामखोर जावई शोधला म्हणून लोक नानांनाच हसले, हे तू मोजलंच नाहीस.

तू शेवटी दोन गोष्टी मागितल्या आहेस. उरलेले सहाशे महिन्याच्या महिन्याला देऊ द्यावे, आणि नानांना काही कळवू नये. दुसरी गोष्ट माझ्याकडून होणार नव्हती. तुझं पाकीट आलं त्याच दिवशी जेवण झाल्यावर मी चाळीस पावत्या नानांच्या पुढे ठेवल्या आणि सगळं सांगितलं. शिष्यवृत्ती नव्हती इथपासून.

नाना बराच वेळ पावत्या उलटसुलट करत बसले. मग म्हणाले, "म्हंजे तू त्याच्याकून पैसे घेतले? चार वर्सं?"

मी हो म्हटलं.

"अन त्यानं देल्ले?"

दिले, म्हटलं. बाराशे.

"कागद नसताना?"

मी म्हटलं, कागद नव्हता हे तुम्हांलाच ठाऊक आहे.

त्यांनी पावत्यांचा गठ्ठा सरळ केला. मग म्हणाले, "तीस वर्सं कोर्टापुढे बसलो. शिक्क्याचा कागद असून देत नाई लोकं. डिक्री झाली तरी देत नाई." चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "नापास झालो म्हून सांगाले काय झालं होतं त्याले? मी म्याट्रिकले तीन डाव बसलो. तुह्या आईले लग्नाच्या आधी सांगतलं होतं. ते म्हने, बरं, अजून एक डाव बसा."

मी त्यांना एवढं बोलताना आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. मात्र हे तुला वाटतं तसं गोड झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना शिष्यवृत्ती आठवली आणि मग ते माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. कोर्टात ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्या सगळ्यांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं की सरकारनं काही दिलं नाही, वसंतानं दिलं. एकेकाला गाठून सांगत होते. बंडूदादा म्हणाला, नाना पेढे वाटल्यासारखं वाटून राहिले.

आता कामाचं. मला ती नोकरी मिळाली. संस्थेची अकोल्याची शाखा, एकशे तीस रुपये, एक ऑगस्टपासून. जागा दोन होत्या. दुसरी मॅट्रिकची, तिचा पगार पंचाहत्तर आहे. म्हणजे माझ्या पदवीचे महिन्याला पंचावन्न होतात. तुझ्या शेवटच्या पानावरची चेष्टा वाचली, की मला नोकरी लागली तर माझ्याच नियमाने पदवीचा फरक तुझा. ते चालणार नाही. पैसे नानांचे होते, तुझ्या हातून फिरून आले. ते पंचावन्न मी नानांना देणार आहे, आणि टिनाखाली बसायला त्यांना एक खुर्ची घेणार आहे, अजून सतरंजीवर बसतात.

उरलेले सहाशे मी सोडत नाही. सोडले तर तू पुन्हा उपकाराखाली दबशील, आणि दबलास की तू काय करतोस ते मी पाहिलं आहे. पण ते इकडे पाठवायचे नाहीत. त्यातून चांगली खाणावळ लाव आणि परीक्षेची फी भर. मी चौकशी केली आहे, जुन्या अभ्यासक्रमाच्या मुलांना येत्या मार्चमध्ये शेवटची एक संधी आहे. फॉर्म सोबत ठेवला आहे. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली आहे. अकाउंटन्सीचं पुस्तक वेगळ्या पार्सलने पाठवते, ते सहा धडे आता कोरे नाहीत. समासात मी सगळं मराठीत लिहिलं आहे. दर रविवारी एका धड्याची गणितं सोडवून पाठवायची. मी तपासून बुधवारच्या टपालाने परत पाठवीन. चुकलं तर लाल शाई लावीन, वाईट वाटून घ्यायचं नाही.

तू पास झालास तर तुझा पगार वाढेल, नाही झालास तर आहे तोच राहील, मला त्यावर काही अडवायचं नाही. माझं पोट भरण्याइतकं मी मिळवते. म्हणून आता जे लिहिते ते गरजेपोटी लिहिलं असं समजू नकोस. कार्डं वाचायची तेव्हापासून मला तू हवा होतास. रागातही हवाच होतास, नाहीतर इतकी वर्षं एका माणसाच्या बायकोला कोण नमस्कार घालतं. मी तेवीस वर्षांची आहे आणि मला वाट पाहायला हरकत नाही. पण ज्याची वाट पाहायची त्याने काही लपवलेलं मला चालणार नाही. पगार, परीक्षा, दुखणं, काहीच नाही.

निकाल जूनमध्ये लागेल. नानांनी घरी यायला सांगितलं आहे, मीही सांगते. पास झालास तर सवडीने ये. नापास झालास तर त्याच दिवशी ये.

तारा